आबांची भुताची कादंबरी

परळ, मुंबई
ता. ४ फेब्रुवारी १९७४

ती. विठाताईस, नागूचा सप्रेम जयभीम वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून चार शिव्या दे, पण आधी हे वाच. आबांची भुताच्या बंगल्याची कादंबरी मला रद्दीत सापडली! छापली तेव्हा कुणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मी आता पुन्हा वाचली आणि झोपच उडाली. सिनेमावाले ओसाड बंगल्यात भुताचं चित्र काढायला जातात, आणि धुतलेल्या प्रत्येक रिळात पायरीवर एक बाई उभी. ती कुणाचा गळा दाबत नाही गं. आत ये म्हणतील म्हणून नुसती वाट बघते. असलं भूत लिहायला आपले आबाच हवेत. पुस्तक सोबत पाठवतोय.

आमच्या सिनेमा कंपनीच्या शेटना मी ती वाचून दाखवली. लोधिवलीचा बंगला भाड्याने ठरलाय आणि दिग्दर्शन माझ्याकडे! इतकी वर्षं दुसऱ्यांचे दिवे धरले. पण मागची चित्रं पडल्यापासून शेट धास्तावलेत. मुहूर्ताचा नारळ लेखकाच्याच हातून फुटला पाहिजे, नाहीतर चित्र नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. ताई, हे हातचं गेलं तर मी संपलो. आबांना तूच वळव.

लोभ करतेसच, या वेळी जरा जास्त कर.
तुझा नागू

भिसेगाव, कर्जत
ता. ११ फेब्रुवारी

चि. नागूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू की रडू कळेना. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आबांनी देव नदीत सोडले आणि या कादंबरीच्या घरातल्या प्रतीही सोडल्या, हे विसरलास? देवच नाय तर भूत कुठनं येनार रं, म्हणून सगळ्या आळीला हसवलं होतं. त्यानंतर नारळ त्यांनी फक्त कालवणासाठी फोडला.

पण तुला कळवलं नव्हतं ते आता लिहिते. आबांना विसर पडतोय. जेवून उठले की पुन्हा ताट मागतात. दुपारी पुस्तक वाचून दाखवलं, तर कान टवकारून ऐकलं आणि कुनी लिवलंय गं, लई भारी हाय, म्हणाले. तुम्हीच, म्हटलं तर मलाच वेड्यात काढलं. आता आपल्याच घराच्या पायरीवर ती बाई दिसते म्हणतात, चांगो भगताकडनं अंगारा आण म्हणून मागे लागतात. आबा, आणि अंगारा! मला रडू आवरेना.

या माणसाच्या हातात नारळ दिलास तर तो फोडेल रे. म्हणूनच देऊ नकोस. कळत होतं तेव्हा त्यांनी नाही म्हटलंय, तेच खरं धर.

लोभ आहेच. पोरांचे नमस्कार.
तुझी ताई, विठा

परळ, ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस, सप्रेम जयभीम.

तुझं सगळं पटतं, पण शेट थांबत नाहीत. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. पाया पडतो, आडवी येऊ नकोस. संध्याकाळपर्यंत आबा विसरूनही जातील. त्यांचं नाव पडद्यावर चार माणसं वाचतील, एवढं तरी त्यांना मिळू दे.

माया पातळ करू नकोस.
नागू

भिसेगाव, ता. २२ फेब्रुवारी

चि. नागूस आशीर्वाद.

तुला आडवी आले नाही, त्याचं फळ ऐक. रविवारी मुहूर्त उरकून तू त्यांना घरी सोडून गेलास तेव्हा आबा खुशीत होते, गळ्यातला हार काढेनात. मग तोंड धुवून आरशासमोर गेले आणि कपाळावरचा कुंकवाचा टिळा दिसला. नागू, त्या घडीला त्यांना सगळं आठवलं. घासून घासून कातडी सोलवटली, आणि ह्यो कुनी लावला म्हणून मला विचारलं. आवाज अगदी पूर्वीचा होता.

तुझं नाव जिभेवर आलं होतं. पण तुझ्यावर त्यांचा किती जीव, ते मी जाणते. भगताला बोलावून मीच लावून घेतला, असं सांगितलं.

तेव्हापासून ते माझ्या हातचं खात नाहीत. मला वाटलं रात्रीत विसरतील. सगळं विसरले, माझं नावसुद्धा विसरले, एवढंच विसरत नाहीत. शेजारच्या सोनुबाईच्या हातचा चहा तेवढा घेतात. मी ताट पुढे केलं की तोंड फिरवतात. माजा नागू आला की जेवन, त्यो आसलं कदी करायचा नाय, म्हणतात. आता उठवतही नाही त्यांना.

माझ्यावरचा लोभ राहू दे बाजूला. चित्र टाक आणि आजच नीघ. तुझ्या हाताने त्यांना भरव. आणि खरं सांगू नकोस. सांगितलंस तर ते तुझ्याही हातचं खाणार नाहीत.

विठा