‘ठेव’ सांगितलं तरच ठेव

३ जुलै १९९७, जालना

अकरा ओळींचा प्रोग्राम, आणि चूक दाखवतोय दोनशे बाराव्या ओळीवर! नंदाबाई एकदा स्क्रीनकडे बघती, एकदा माझ्याकडं. "मॅडम, माझ्या तर अकराच ओळी हायत. बाकीच्या कोनाच्या?"

सगळी बॅच फिदीफिदी हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकीच्या माझ्या! म्हणजे मी बनवलेल्या ‘बोली’ या कॉम्प्युटरच्या मराठी भाषेच्या. बाया लिहितात वाच, दाखव, जर, नाहीतर. अक्षरं इंग्रजी, पण शब्द आपले. बोली त्याचं सी या इंग्रजी शब्दांच्या कॉम्प्युटर-भाषेत रूपांतर करून देती, मंग सीचा कंपाइलर त्याचा चालणारा प्रोग्राम करतो. मधली सीची फाईल काम झालं की पुसून टाकते मी. पण चूक निघाली की हा शहाणा कंपाइलर त्या पुसलेल्या फाईलमधली ओळ सांगतो. बाईनं बघावं तरी कुठं?

दोन वर्षं खपले या बोलीवर. डोक्याला नुसता ताप.

४ जुलै

आज हीरालालजी वर आले. खाली त्यांचं कापडाचं दुकान, वर आमचा क्लास. मशीनी त्यांच्याच. माझ्या खुर्चीत बसून म्हणाले, "मॅडम, तुमची बोली चांगली. पन नोकरी देनारा काय विचारतो? सी येते का! ऑक्टोबरच्या सीच्या परीक्षेत निम्म्या बाया पास नाय झाल्या, तर दिवाळीनंतर बोली बंद. मशीनी टायपिंगला देऊन टाकू."

एवढं बोलून चहा पिऊन गेले. चहा माझ्या वाटणीचा.

जीव टांगणीला लागला. सरळ सी शिकवलं असतं तर यातल्या निम्म्या बाया दुसऱ्याच दिवशी घरी बसल्या असत्या. दोन वर्षांमागं तेच झालं ना! इंग्रजी बघूनच पळाल्या. म्हणून तर बोली केली. आधी बोली, शेवटच्या महिन्यात सी. माझं बराबर आहे. हे या माणसाला कोण सांगणार?

९ जुलै

जमलं! ‘-ओळ’ असं नवं ऑप्शन घातलं. कमांडच्या पुढं ‘-ओळ’ लिहिलं की चूक बाईच्याच ओळीवर दाखवतो. ‘-तपास’ म्हटलं की यादीत दहाच आकडे असून अकरावा मागितला तर ओरडतो. ‘-गप्प’ म्हटलं की फालतू सूचना देत न्हाई. आणि ‘-ठेव’ म्हटलं की सीची फाईल पुसत न्हाई. ते फक्त माझ्यासाठी.

मच्छिंद्रला रात्री जेवताना सांगितलं. नवरा म्हणून निदान कौतुक करावं! तर म्हणतो, "तुझ्या बोलीला ‘-गप्प’ कळतं, तुला कधी कळायचं?"

पोळी वाढली न्हाई त्याला.

१५ जुलै

‘-गप्प’नं घात केला. नंदाबाईच्या प्रोग्राममध्ये चूक होती, मशीननं चूक दाखवलीच न्हाई, अन् कालचाच जुना प्रोग्राम चालवला. ती बिचारी तासभर आकडे बदलून राह्यली, उत्तर काही बदलेना. "मॅडम, हे माझं ऐकतच न्हाई. घरच्यांसारखं झालं!"

हसावं का रडावं! चूक माझी. ‘-गप्प’नं सूचना गिळायच्या, चुका न्हाई. दुरुस्त करायला दुपार गेली. वर लाईट दोनदा गेली.

२२ जुलै

‘-मदत’ लिहिलं की सगळ्या ऑप्शनांची नावं येतात. नंदाबाईनं वाचून विचारलं, "‘ठेव’नं काय होतं?" म्हटलं, तुमच्या कामाचं न्हाई. तरी तिनं केलंच, अन् राहिलेली सीची फाईल उघडली! स्क्रीनभर महिरपी कंस, स्टार, अर्धविराम. शेजारची प्रेमबाई तर उठून उभीच राहिली. "बाई गं! हे काय निघालं?"

नेमकं हेच नको होतं मला! घाबरली की गेली बाई, परत येत न्हाई. ‘-मदत’मधून ‘ठेव’चं नाव काढून टाकलं.

११ ऑगस्ट

क्लास उघडायला जावं तर बाया आधीच जिन्यात बसलेल्या. नंदाबाई मधी, बाकीच्या भोवती. मी दिसले की गप्प. काय एवढ्या गप्पा मारायच्या? त्याच्यापेक्षा प्रोग्राम लिहा म्हणावं!

२० ऑगस्ट

पुन्हा जिन्यात.

४ सप्टेंबर

पोळ्याला सुट्टी झाली, आज क्लास. नंदाबाईची फ्लॉपी भरली म्हणून बघायला घेतली. आत काय? सीच्या फायली! एकेका प्रोग्रामची एकेक. नाव काढलं तरी ही बया ‘-ठेव’ करूनच राह्यली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत बोलले. "एकदा सांगितलेलं कळत न्हाई का? तो पसारा तुमच्यासाठी न्हाई!"

ती शिवणकाम करती. केदारखेड्याहून एसटीनं येती, हातातल्या पिशवीत कायम कुणाचे तरी ब्लाउज. शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी कागद कापते, मंग कापड कापते. ब्लाउज गिऱ्हाईक घेऊन जातं. कागद मी फेकत न्हाई. कागदावरूनच तर हात बसतो."

"हे शिवणकाम न्हाई," म्हटलं मी.

बिलकुल पटलं न्हाई मला. संध्याकाळी क्लासच्या मशीनींतून ‘-ठेव’ पार काढून टाकलं. आता ठेवा काय ठेवायचं ते!

५ सप्टेंबर

नंदाबाई आली अन् सरळ मशीनवर लिहायला बसली. वाटलं होतं भांडेल. ऐकलं म्हणायचं.

१६ सप्टेंबर

आजपासून सी. रात्रभर झोप न्हाई, बाया पळणार म्हणून. फळ्यावर महिरपी कंस काढला अन् मागं वळले. कुणी उठलं न्हाई! अर्धविराम कुठं, ते प्रेमबाईनं सांगितलं. तीच प्रेमबाई!

पाहा, बोलीनं पाया कसा पक्का केला! हीरालालजींना मुद्दाम वर बोलावून दाखवलं. "हूं," म्हणाले. एवढंच! या माणसाच्या तोंडून चांगला शब्द निघायचा म्हणजे त्याला मुहूर्त लागतो.

५ ऑक्टोबर

परीक्षा झाली. बाया हसत बाहेर आल्या.

२४ नोव्हेंबर

निकाल! दोघी सोडून सगळ्या पास. हीरालालजींनी स्वतः पेढे आणले. "बोली चालू ठेवा, मॅडम." मी तर हवेत. धावत जिन्यात गेले, नंदाबाईला म्हटलं, बघा, बोलीनं तारलं!

तिनं पेढा हातातच धरला. "मॅडम, राग नका मानू. मी पोळ्यापासून बोली लिहिलीच न्हाई."

म्हटलं, मंग क्लासमध्ये काय लिहीत होतात?

"सीच. तुमची फाईल बघून बघून हात बसला. आधी आपलं वाक्य, शेजारी त्याचं सी. ह्यांनाबी जिन्यात तसंच दाखवलं. तुम्ही ‘ठेव’ काढलं तवर आमच्यापाशी कागद जमले होते." मंग हळूच म्हणाली, "तुमची बोली नसती, तर मी पहिल्याच दिवशी गेले असते."

म्हणजे मी पुसून टाकत होते तेच त्या शिकून राह्यल्या होत्या! भयंकर राग आला. तिचा न्हाई, माझाच. दोन वर्षं या बोलीला कडेवर घेऊन बसले, अन् बाया केव्हाच खाली उतरून चालायला लागल्या. मला पत्ता न्हाई! घरी येऊन रडले. मच्छिंद्रनं चहा करून दिला.

२५ नोव्हेंबर

बोली बदलली. आता न सांगताच फाईल ठेवते. कुणाला नकोच असेल तर ‘-पूस’ म्हणावं लागेल. ‘-मदत’मध्ये ते सगळ्यात शेवटी.

१ डिसेंबर

नवी बॅच. शहागडची एक बाई नाव घालायला आली. तिनं घाबरत विचारलं, "मॅडम, ही बोली किती दिवस वापरायची?"

म्हटलं, हात बसून ती आपोआप सुटेपर्यंत.