बिनसाखरेची खीर

प्रिय हवालदारसाहेब,

परवा तुमचं वर्षश्राद्ध. आचारी ठरला, किती पानं उठणार तेही ठरलं. आज सकाळी तुमचा धाकटा भाऊ वसंता किराणा ठेवायला आला आणि जाता जाता म्हणाला, "वहिनी, दादाच्या पानातली खीर बिनसाखरेची वेगळी काढायची ना? तेरवीले काढली होती तशी."

मी हातातली परात खाली ठेवली आणि हे लिहायला बसले. गेलेल्या माणसालाही पथ्य! आणि तेही अशा आजाराचं, जो तुम्हाला कधी झालाच नव्हता!

तुम्हाला शुगर नव्हती. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

फौजेतून आलात, वाडीच्या गोदामात गार्डची नोकरी धरलीत. दुसऱ्याच आठवड्यात फाटकात ट्रकचा टायर फुटला आणि तुम्ही धाडकन जमिनीवर पालथे पडलात, दोन्ही हात डोक्यावर. ड्रायव्हर लोक हसले. "फौजी डर गया!" घरी आलात ते गणवेशाला माती तशीच. जेवलाही नाहीत. तीन दिवसांनी म्हणालात, "निर्मला, मले दवाखान्यात जाऊ दे. मनाच्या."

तुम्ही किती सरळ बोललात! आणि मी काय केलं? मी म्हटलं, जा, पण लोकांना शुगर सांगू. सासूबाईंनी मान डोलावली. आम्ही दोघींनी मिळून तुम्हाला शुगरचा पेशंट केलं.

मग काय विचारता! गल्लीतल्या प्रत्येक घरात तुम्हाला फिका चहा. होळीला शेजारच्या काकू पोरांसाठी पुरणपोळी पाठवायच्या आणि तुमच्यासाठी मेथीची भाजी. ज्या माणसानं लग्नात माझ्या ताटातली जिलेबी पळवली होती, तो माणूस भाजी खाऊन "छान झाली" म्हणायचा. तुम्हाला माझा राग कसा आला नाही हो?

दर गुरुवारी आपण दोघं बसनं दवाखान्यात जायचो. तुम्ही आत, त्या समुपदेशक बाईंपुढे. मी मात्र फाटकाबाहेर, रसवंतीच्या मागे, पदर तोंडावर ओढून. बाईंच्या दाराबाहेर एक बाक होता आणि बाकाच्या वर मोठ्या अक्षरात पाटी होती, 'मानसोपचार विभाग'. त्या पाटीखाली मी एकदाही बसले नाही. कुणी पाहिलं तर? तुम्ही एकदा म्हणालात, "फिका चहा चालते मले. पण तू अशी तोंड लपवून उभी राहते, ते नाही चालत वं."

तेव्हा मी चिडले होते. तुम्हाला काय, म्हटलं, उद्या पोरीचं लग्न मला जमवायचं आहे!

आत काय चालायचं ते तुम्ही थोडं थोडं सांगायचात. फौजेतला तुमचा मित्र ज्या दिवशी तुमच्याशेजारी मारला गेला, तो दिवस बाई पुन्हा पुन्हा बोलायला लावायच्या. तुमचाच आवाज मोबाइलमध्ये भरून घरी ऐकायला सांगायच्या. तुम्ही कानात मोबाइलची बोंडं घालून, घामाघूम होऊन ऐकायचात आणि काकू म्हणायच्या, "भाऊ भजनात किती रंगून जाते!" मग बाईंनी सांगितलं, ज्या आवाजाला भिता, त्याच्याजवळ रोज थोडा वेळ बसा. तुम्ही अमरावती रोडवरच्या टायरच्या दुकानापुढे स्टूल टाकलंत. रोज अर्धा तास. पहिल्या दिवशी पाचव्या मिनिटाला उठून आलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात! लोक म्हणाले, फौजी रिकामटेकडा झाला. अरे, रिकामटेकडा? तो माणूस तिथं रोज लढत होता आणि हे लोक दात काढत होते!

आणि तो दिवस आठवतो? मी भाजी घेऊन येत होते. तुमच्यासमोरच टायर फुटला, माझ्या हातातली पिशवी पडली. तुम्ही दचकलात. पण स्टूलवरच राहिलात. चहाचा ग्लास खाली ठेवला आणि दुकानदाराला म्हणालात, "मागचा दिसते गा."

मला तिथंच नाचावंसं वाटलं! गल्लीभर पेढे वाटावेसे वाटले. पण शुगरवाल्याच्या घरचे पेढे कशाचे म्हणून सांगणार होते मी? तुमच्या नोकरीतल्या मेडलचे फोटो भिंतीवर आहेत. त्या दिवसाचं काहीच नाही. त्याची मला आज चीड येते.

पुढे तुमचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी तसंच लिहून दिलं, पण लोकांनी शुगरच ठरवली. मी गप्प राहिले.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण गेल्या महिन्यात सावनेरहून सुनीता आली. तुमच्या पलटणीतल्या प्रमोदची बायको. आपल्या घरी तेव्हा जे चाललं होतं, तेच आता तिच्या घरी चालू आहे. फुगा फुटला तर प्रमोदनं स्वतःच्या पोराला भिंतीवर ढकललं, मग त्यालाच पोटाशी धरून रडत बसला. "वहिनी, खरं सांगा," ती म्हणाली, "साहेबाले शुगरच होती काय? हे म्हणते, साहेब बी माझ्यासारखेच होते, पण बरे झाले. कसे झाले?"

आणि मी म्हटलं, शुगरच होती.

जीभ कशी वळली माझी? ती रिकाम्या हातानं परत गेली. तुम्ही असता तर तिथल्या तिथे तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला असता.

म्हणून इथवर लिहून उठले, वसंताला परत बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. परवा पंगतीतही सांगणार, म्हटलं. तो पांढराफटक पडला. "वहिनी, गेलेल्या माणसाची बेअब्रू काहून करून राहिल्या तुम्ही?"

मी म्हटलं, "बेअब्रू मी ते जिवंत असताना केली, वसंतभाऊ. आता बंद करून राहिले."

मग सुनीताला फोन करून खरं सांगितलं. आधी ती रडली, मग भांडली, आणि भांडायचा तिला हक्कच आहे. प्रमोद दवाखान्यात यायला तयार आहे.

तर ऐका. परवा तुमच्या पानात मी स्वतः खीर वाढणार, साखर घातलेली. कुणी "अगं, शुगर!" म्हणालं की टायरच्या दुकानापासून सगळं सांगणार, पोरीच्या सासरचे बसलेले असले तरी.

आणि गुरुवारी प्रमोद आत जाईल तेव्हा मी सुनीताला घेऊन त्या पाटीखालच्या बाकावर बसणार आहे. तोंड उघडं ठेवून. ओळखीचं कुणी दिसलं, तर हाक मीच मारीन.

तुमची,
निर्मला