किलवरची तीन पानं

बेसा, रविवार, संध्याकाळ

आज मॉनिटर घेतलाच! लॅपटॉपवर पोकरची चार टेबलं उघडली की एकमेकांवर चढतात. काल त्यातच किलवरला इस्पिक समजले आणि हातातला डाव घालवला. चिप्स फुकटच्या, पण चूक माझी. दिवसभर बोचली.

दुकानात लेक म्हणाली, “आई, फोर-के घे नं. सहा टेबलं मावतील.”

“मावतील वं, पण पत्ते मले दिसतील काय?”

टेबलं लावून पाहिली. सारं रेखीव, पण मुंगीएवढं. मोठं केलं तर चारच मावली. मग फोर-के काहून? शेजारी तेवढ्याच आकाराचा, पण कमी पिक्सेलचा १४४०चा होता. त्यावर चारही टेबलं सुटी, आणि किलवरच्या चिन्हाची तीन पानं स्पष्ट!

हे घरच्या पत्त्यांत माझ्याविरुद्ध खेळायचे, तरी मी चुकीचं पान टाकू लागले की हात धरायचे. “नीट पाह्य वं, किलवर आहे ते.” दोन वर्षं झाली, कोणी हात धरला नाही.

घरी पहिलाच डाव किलवरवर जिंकले. ओरडलेच, “अहो, दिसलं मले!”

लेक आतून म्हणाली, “कोणाशी बोलून राहिली?”

पुढचे पत्ते आले होते.