सगळ्या मजल्याचा कुत्रा आणि तुझी साखर

आई, आपल्या मजल्यावर एक कुत्रा आहे आणि त्याला तुझाच आजार झालाय. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. लालबागच्या आपल्या त्याच चाळीत, त्याच गॅलरीत तो लोळत असतो. पिल्लू असताना जिना चढून वर आला आणि खाली उतरायचं विसरला. प्रत्येक घर त्याला वेगळ्या नावानं हाक मारतं आणि तो सगळ्यांपुढे शेपूट हलवतो. कुत्रा कोणाचा म्हणून विचारलं तर सगळे म्हणतील आमचा, पण दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई टोचायची वेळ आली तेव्हा तो एकमतानं माझा झाला. ऑफिसला निघण्याआधी एक सुई, आल्यावर एक. जनावरांचे डॉक्टर डायबेटीस म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा तूच आठवलीस.

तुझी शेवटची दोन वर्षं म्हटली की मला मेथीचा आणि कारल्याचा वास येतो. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि दोन पुस्तकं वाचून डॉक्टर झाले होते. साखरेचा डबा माळ्यावर, चहा बिनसाखरेचा, गणपतीत सगळ्यांच्या पानात मोदक आणि तुझ्या पानात काकडी. तू ओट्याशी उभी आहेस, हातात कपबशी, एक घोट घेऊन तोंड वाकडं करतेस. "माझी सासूपण इतकी खाष्ट नव्हती गो," म्हणतेस. मी हसत नाही. एवढं करूनही बोटाला टोचून मशीनवर बघितलेली तुझी साखर उतरत नाही, आणि वर तू मलाच सुनावतेस, "तुझा मशीनच खराब आसा. पैसे परत घे." तू गेल्यावर मला रुखरुख लागून राहिली ती याचीच, की शेवटपर्यंत तुला कडू खायला घातलं आणि त्याचा उपयोगही झाला नाही. त्यानंतर मी घरात साखर आणलीच नाही.

कुत्र्याच्या बाबतीत हयगय नको म्हणून मी एक सॉफ्टवेअर घेतलं, पाळीव जनावरांच्या तब्येतीच्या नोंदी ठेवायचं. फुकट आहे, आणि नुसतं फुकट नाही, ओपन सोर्स आहे. तुला कसं सांगू? आपल्या चाळीचं पूजेचं मोठं पातेलं आठवतं ना, कोणीही न्यावं, शिरा करावा, कान सैल झाला असेल तर ज्याच्या हाती असेल त्यानं ठोकून घ्यावा. हे तसंच. कोणीतरी बनवलं, आतलं सगळं उघडं ठेवलं, ज्याला जमेल त्यानं त्यात बदल करावा. मी त्यात वजन, पाणी, सुई, कानाला टोचून बघितलेली साखर, सगळं भरायला लागले. तरी आलेखातली साखरेची रेघ वरच. मी दारोदार जाऊन विचारलं, कोणी काही खायला घालतं का? "आम्ही कशाला घालू?" जो तो हेच म्हणाला. शेजारच्या काकींनी तर देवाची शपथ घेतली, "फक्त पाणी देते हो त्याला." कोणी ताकास तूर लागू देईना. डॉक्टर बिचारे माझी रेघ बघून डोस थोडा थोडा वाढवत गेले.

मग गणपती आले. खाली रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नाही आणि वर आपल्या मजल्यावर चिटपाखरू नाही, सगळे कोकणात. गुडघ्यांमुळे काकी तेवढ्या मागे राहिलेल्या, आणि एक दिवस त्यांचाही उपास, चूल बंद. त्या सकाळची सुई मी नेहमीसारखी दिली. दुपारी तो माझ्या दारात लटपटला, आडवा पडला, पाय ताठ, तोंडाला फेस. डॉक्टरांना फोन लावला. "साखर एकदम उतरलीय. हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा आणि लगेच घेऊन या." आणि माझ्या घरात साखरेचा कण नाही! मी गॅलरीत येऊन ओरडले. काकी भिंतीला धरत धरत वाटी घेऊन आल्या. आम्ही दोघी जमिनीवर बसून त्याच्या हिरड्या चोळत होतो आणि काकी रडत होत्या. "मेला माझ्यामुळे, मेला," असं काहीतरी पुटपुटत होत्या. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि माझं बोट चाटलं. टॅक्सीत घालून त्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "याला घराघरातून खायला मिळत होतं, म्हणून साखर वर राहायची आणि मी डोस वाढवायचो. माणसं गावाला गेली, खाणं थांबलं, डोस तोच राहिला. मला खरं कळलं नाही तर पुढच्या वेळी हा हाताला लागणार नाही."

लोक परतल्यावर मी ते सॉफ्टवेअर मजल्यावरच्या सगळ्यांच्या फोनवर घालून दिलं. पण त्यात 'कोणी दिलं' असा एक रकाना होता. तो असेपर्यंत आपल्या चाळीत खरं कोण लिहिणार? मी सॉफ्टवेअरमध्येच नोकरी करते, एका रविवारी बसले आणि तो रकाना काढून टाकला. फक्त काय आणि किती, एवढंच ठेवलं. आई, नोंदींची नुसती रीघ लागली. अर्धी खारी. दूधपोळी. बुंदीचा लाडू, आणि पुढे 'लहान होता' अशी पुरवणी. मी सगळं डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डोक्याला हात लावला, मग काय घालायचं ते ठरवून दिलं आणि डोस उतरवला. आता तो बरा आहे.

गेल्या आठवड्यात काकी फोन घेऊन माझ्या दारात आल्या.

"यात मागचं टाकता येतं काय गो?"

"किती मागचं, काकी?"

"तुझ्या आईचं."

त्या उंबऱ्यातच बसल्या. "तू हापिसात गेलीस की दुपारची यायची माझ्याकडे. पाटावर बसायची. नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या म्हणजे तिचा जीव. खाऊन झालं की दोनदा चूळ भरायची, तुला वास येईल म्हणून."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू केवढ्यानं ओरडायचीस! आम्ही दोघीपण घाबरायचो तुला."

चोराच्या उलट्या बोंबा, आई! म्हणे मशीन खराब. मी काकींवर आवाज चढवला, दार लोटून घेतलं, आणि आत ओट्याला धरून आधी हसले, मग रडले. त्या खापरोळ्यांनी तुझे दिवस कमी केले असतील का? केले असतीलही. कुत्र्याचं मी तसं होऊ देणार नाही. पण तू नुसतं कारलं खाऊन गेली नाहीस, दुपारी पाटावर बसून बोटं चाटत होतीस, हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की तुला सांगितल्याशिवाय राहवेना. म्हणून लिहायला बसले, पाठवणार कुठे ते माहीत नसताना. एक मात्र कबूल करते. काकींवरचा माझा राग त्याच संध्याकाळी गेला, पण मी अजून गाल फुगवून फिरते. माझी समजूत काढायला त्या रोज दारात येतात, आणि तू खाल्लेलं एखादं नवं सांगतात. काल खरवस झाला. अजून बरंच आहे म्हणाल्या.