काचेपलीकडची जीप

प्रिय दादा,

आईचे गुडघे बरे आहेत, वहिनीने पाठवलेलं मलम पोचलं. आता मुद्द्याचं. अपघाताच्या चौकशी समितीसमोर दिलेला तुझा अभिप्राय वाचला. वैमानिकाचं बाहेर लक्ष नव्हतं, हा निव्वळ निष्काळजीपणा, परवाना कायमचा काढून घ्यावा. खाली प्रशिक्षणप्रमुख म्हणून तुझी सही. नात्यामुळे बाजूला होतो म्हणाला असतास तर कुणी नावं ठेवली नसती. उलट घरच्या माणसालाही सोडलं नाही म्हणून तुझी वाहवा चाललीय. वा रे दादा!

माझा नवरा, तुझा मेहुणा, दिवसभर पुढच्या खोलीत बसून असतो. रस्ता ओलांडताना माझा दंड धरतो आणि काही येतंय का, असं मलाच विचारतो. एवढी वर्षं विमान चालवलेला माणूस! त्या जीपवाल्याचा पाय गेला हे तो विसरत नाही आणि मी विसरायला सांगतही नाही. पण धुक्यात उतरताना धावपट्टीवरची जीप त्याला दिसली नाही आणि शेजारच्या सहवैमानिक मुलीला दिसली, ती ओरडली म्हणून विमान थोडं तरी वळलं, एवढ्यावरून तू त्याला बेपर्वा ठरवलंस. तिच्यासमोर ती काच नव्हती, दादा. नवी काच फक्त कॅप्टनच्या बाजूला बसवलीय. वेग, उंची, दिशा, सगळे हिरवे आकडे डोळ्यांसमोर तरंगतात; मान खाली घालायला नको, बाहेर बघता बघता वाचा. माणूस बाहेर बघतोय असं सगळ्यांना वाटतं, त्याला स्वतःलाही वाटतं, आणि मन मात्र आकड्यांत अडकलेलं असतं.

हे मी तुला शिकवायला नको. लहानपणी तू माझ्या सायकलला वेगाचा काटा बसवला होतास. मी काट्याकडे बघत गेले आणि शेजाऱ्यांच्या फाटकावर आदळले. बाबा मला रागवायला लागले तेव्हा तू मध्ये पडलास, पोरीची चूक नाही म्हणालास आणि पाना घेऊन तो काटाच काढून टाकलास. तुझ्यासारखा भाऊ जगात नाही असं तेव्हा मला वाटलं होतं. आज वाटत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. सिम्युलेटरमध्ये वैमानिक बसतो आणि मागच्या खोलीत मी त्याची नजर पडद्यावर ठिपक्यासारखी फिरताना बघते. ही काच मंजूर होण्याआधीच्या चाचणीत आम्ही धावपट्टीवर मुद्दाम एक विमान आडवं उभं केलं होतं. एक मुरलेला कॅप्टन आकडे अगदी बिनचूक धरून उतरला आणि त्या विमानातून आरपार गेला. त्याची नजर दोनदा विमानावरून गेली होती, मी बघत होते. बाहेर आल्यावर तिथे विमान नव्हतंच, नंतर घुसडलंत, असं म्हणून तावातावाने भांडला. नाचता येईना, अंगण वाकडं. चित्रफीत दाखवली, तरीही पुढे त्यानेच काचेची शिफारस केली.

तो कॅप्टन तू होतास. तुला दिसलं नाही तेव्हा तो काचेचा दोष नव्हता, तुझाही नव्हता, नुसता विसरून जायचा प्रसंग होता. तुझ्या मेहुण्याला दिसलं नाही तर तो निष्काळजी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. चाचणीत बसणाऱ्याचं नाव बाहेर फोडायचं नाही असा शब्द आम्ही प्रत्येकाला देतो. तो मी नवऱ्यापाशीही पाळलाय आणि चौकशीतही पाळेन. म्हणून हे पत्र. सोमवारी शेवटची सुनावणी आहे. तिथे तूच सांग, की मलाही दिसलं नव्हतं. नाही सांगितलंस तरी मी कुणाकडे चकार शब्द काढणार नाही. फक्त त्यानंतर आमच्या घरी येऊ नकोस. तू दारात आलास की तो अजूनही उठून उभा राहतो, आणि ते मला बघवणार नाही.

अजून तरी तुझीच,
ठमी