खाली पाहिलं तं पाय नाई

१४ डिसेंबर २००३, रविवार

आज वासुदेव हसला.

आधी तेच लिहून टाकते, मंग बाकीचं. दात दिसतपर्यंत हसला, आवाज काढून. सुमन हातातलं पीठ तसंच घेऊन रांधणीतून पळत आली, तिले वाटलं नवरा बाजेवरून पडला का काय. पलटनीतून एक पाय घेऊन घरी आला त्याले वर्ष झालं. वर्षभरात पोरानं माझ्याकडं नीट पाहिलं नव्हतं, हसणं तं दूरच.

झालं असं. सुमनचा भाऊ गडचांदूरले कॉम्प्युटरचा क्लास चालवते. क्लासातला जुना झालेला कॉम्प्युटर त्यानं भाचीसाठी आणून देला. रोशनी सातवीत आहे, तिले येईन म्हणे इंग्रजी. इंग्रजी राहिलं बाजूले. त्यात लढाईचा एक खेळ आहे. आत्ताची लढाई नाई, ती जुनी मोठी, जर्मनीवाली, माझ्या बापाच्या जमान्यातली. समोर फक्त बंदूक दिसते. शिपाई म्हणजे आपणच. खटके दाबले की तो पळते.

रोशनी खेळत होती, वासुदेव बाजेवरून पाहून राह्यला होता. एकदम म्हणे, "रोशनी, त्याले जरा खाली पाहू दे." तिनं माऊस ओढला. खाली बरफ. पाय नाईत. हात आहे, बंदूक आहे, अन् त्याच्या खाली बरफच बरफ.

"माय, पाहा ना वं! याले तं दोन्ही नाईत. तरी पळून राह्यला बापा."

अन् हसला. मीही हसली. मंग गोठ्यात जाऊन रडली. संध्याकाळी शिरा केला.

१७ डिसेंबर

साक्षरतेच्या वर्गातली बाई सांगे, रोज दोन ओळी लिहा, नाई तं अक्षर विसरान. माझं दोन ओळींत कधी भागत नाई. सासू होती तेव्हा म्हणे, हिले पाणी मागितलं तं आधी विहिरीची गोष्ट सांगते.

आज मी खेळली. रोशनी (पुढं नुसतं रो. लिहीन) म्हणे, "आजी, बस ना, काई होत नाई." बसली. बराच वेळ भिंतीतच घुसत राह्यली, मंग आभाळ पाहत राह्यली. मंग कोणता खटका दाबला देव जाणे, समोरचा माणूस पडला. तो आपल्याकडचाच होता, साहेब. लगेच खेळ बंद. वर काही इंग्रजी आलं. रो.नं वाचून सांगतलं, आपल्याच माणसाले मारलं म्हणून सगळं थांबवलं, पुन्हा पहिल्यापासून.

"आजीनं साहेबालेच उडवलं!" पोरगी जमिनीवर लोळली हसून हसून.

वासुदेव नाई हसला. म्हणे, "बरं आहे. इथी आपल्या हातानं आपला माणूस गेला तं थांबतात तरी."

मी अन् सुमन एकमेकींकडं पाहिलं नाई. त्याचा पाय दुश्मनानं नाई नेला. सीमेवर आपलेच लोक सुरुंग पेरून राह्यले होते, लढाई होईन म्हणून. लढाई झालीच नाई. सुरुंग तेवढा उडाला.

२२ डिसेंबर

कापूस अर्धा वेचून झाला. कंबर गेली.

खेळात आज लाकडाचा पूल आला. म्हटलं, थांब पोरी, इथी थांबव. रो. म्हणे, "आजी, इथी थांबलं तं गोळी लागते." लागू दे. मले लाकूड पाहायचं होतं. माझा बाप त्या लढाईच्या वेळी जंगलात साग तोडाले जाये. म्हणे, गोऱ्या साहेबाच्या लढाईले लाकूड पायजे, चांदा जिल्ह्यातला साग गाड्याच्या गाड्या भरून गेला. कुठी गेला ते त्याले कोणी सांगतलं नाई. मरतपर्यंत म्हणे, कोणत्या मुलखात माझं लाकूड लागलं असन बाप्पा.

तो साग नव्हता. साग मले दुरून समजते.

म्हणजे खेळ चांगला आहे, मी नाव ठेवत नाई. पुस्तकात त्या लढाईच्या चार ओळी आहेत, रो.नं वाचून दाखवल्या, त्यात काईच नव्हतं. खेळात नदी आहे, घरं आहेत, बरफ आहे. पण तोडणारा माझा बाप कुठी नाई. अन् एकही बाई नाई. गावं आहेत, घरात टेबल आहे, चुलीवर भाताचा गंज आहे, अन् बाई नाई. कोणी रांधलं मंग?

३ जानेवारी २००४

दुपारी खदानीचा बार. आधी भोंगा, मंग धडाम, मंग मांडणीवरचे ताटं वाजतात. सिमेंटच्या फॅक्टरीले दगड लागते, आम्हाले रोजचं झालं. माझी म्हैसही मान वर करत नाई. पण वासुदेव भोंगा झाला की बाजेची पाटी धरून बसे. बार उडेपर्यंत धरून. उडाल्यावरही सोडत नव्हता.

आता भोंगा झाला की तो खेळाचा आवाज मोठा करते. त्याच्या तोफा इतक्या मोठ्यानं उडतात का खदानीचा बार त्यात बुडून जाते. शेजारीण म्हणे, "काऊन वं बाई, एवढा गोंगाट कसा सहन करता?" म्हटलं, होते सहन.

याचे उपकार मी त्या खेळावर मानते. ज्यानं बनवला त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो.

२७ जानेवारी

काल शाळेत झेंडा. सरपंच स्वतः मोटरसायकल घेऊन आला, वासुदेवले मागं बसवून नेलं. कुबड्या मी हातात धरून पायी. मले वाटलं, बरं झालं, निघाला एकदाचा बाहेर.

सरपंचानं माईक घेतला अन् सांगतलं का आपल्या गावच्या वीरानं दुश्मनाच्या गोळीले छाती देली. छाती! पाय म्हटलं तं काय जात होतं. वासुदेव खुर्चीवर, खाली मान. मंग लेकरांले प्रश्न विचारा म्हटलं. एक पोट्टं उभं राह्यलं, "काका, तुम्ही किती मारले?"

"एकही नाई."

"मंग पाय कसा गेला?"

मॅडमनं त्याले बसवलं. लेकरं खुसखुसली. त्यांचा काय दोष, गडचांदूरच्या कॅफेत पाच रुपयात तोच खेळ खेळतात, तिथी सगळेच मारतात.

लाडू वाटले. वासुदेवनं नाई खाल्ला. परत येताना मोटरसायकलवर नाई बसला, कुबड्यांवरच आला, पूर्ण रस्ता. घरी आल्यावर म्हणे, "माय, आता मले कुठी नेऊ नको."

२८ जानेवारी

बोलला नाई.

२९ जानेवारी

बोलला नाई. खेळ चालू.

११ फेब्रुवारी

खेळात शिपायाले गोळी लागली तं लाल फुलीचा डबा शोधते. डब्यावर चालून गेला की बरा. म्हटलं, असा एक डबा मिलिटरीच्या दवाखान्यात नव्हता का? रो.नं मले डोळे वटारले. पोरगी लहान आहे, पण समजते सगळं.

आज तिनंच विचारलं. मी तूर निवडून राह्यली होती. खेळात सुरुंगाचं मैदान आलं, बाजूले खोपडीची पाटी. ती म्हणे, "बाबा, तुमच्याकडं पाटी नव्हती?"

मी सूप हलवणं बंद केलं. वर्षभरात मी नाई विचारलं, सुमननं नाई विचारलं.

"होती. लावायची बाकी होती."

"मंग?"

"धुकं होतं. दोरी बांधून ओळीनं पेरायचं, नकाशावर टिंब मांडायचं. समोरचा मी पेरला, मले माहीत. मागं कोणी पेरला ते मले कोणी सांगतलं नाई. एक पाऊल मागं सरकलो."

"बस?"

"बस."

"अन् गोळी?"

"गोळी कोणीच नाई मारली, बेटा."

खटके दाबता दाबताच सांगतलं सगळं, तिच्याकडं न पाहता. ते मैदान त्यानं पार केलं, मंग मागं फिरून पुन्हा पार केलं, पुन्हा. आठवा का नववा फेरा होता तेव्हा लाईन गेली. काळ्या काचेसमोर तसाच बसून राह्यला, खटक्यांवर बोटं ठेवून.

तूर सांडली ती नंतर वेचली.

२० फेब्रुवारी

सुमन भांडली. माझ्यासंगं, त्याच्यासंगं नाई.

"आत्याबाई, तुम्ही खुश आहात, हे हसतात म्हणून. कोणासंगं हसतात? त्या डबड्यासंगं! नकली पाय बाजेखाली पडला आहे, त्यावर जाळं धरलं. मी अंगणवाडीतून येते तं गोळ्या, झोपाले जाते तं गोळ्या."

म्हटलं, तो पाय त्याले रुतते म्हणते.

"एक दिवस घालून पाहिला का? घालायच्या आधीच रुतते?"

मंग शांत झाली. शांत झाली तेव्हा मले जास्त भेव वाटलं. म्हणे, "रोशनीची परीक्षा झाली का मी तिले घेऊन भावाकडं जाते. आठवी गडचांदूरलेच करन ती."

"अन् वासुदेव?"

"चालत आले तं येतीन."

मी रागावली नाई. तिच्या जागी मी असती तं काय केलं असतं. जे मले डिसेंबरात देवानं देलं वाटलं होतं, तेच आता बाजेजवळ खुंटा ठोकून बसलं आहे. पोरगा हसला, मी नाचली. तो कशाले हसला ते मी पाहिलंच नाई. पाय लागत नाईत अशी जागा भेटली त्याले. मंग तिथून कायले येईन तो इथी, आमच्यात?

८ मार्च

खेळ संपला. म्हणजे जिंकला. मोठी इमारत, झेंडा, बाजा वाजला, मंग नावं वर सरकत गेली, बनवणाऱ्यांची म्हणे.

मी विचारलं, मंग तो घरी कसा जाते?

रो. म्हणे, "कोण?"

हा, शिपाई. आता लढाई संपली ना त्याची. गाडीत बसते, का पायी जाते? माय दारात येते का त्याची?

"आजी, खेळ इतकाच असते."

बरोबर आहे. कठीण ते त्यांनी ठेवलंच नाई. वासुदेवचा पाय गेला तेव्हा मले दुपारी सरपंचाच्या घरून निरोप आला होता, फोन आहे म्हणून. हातात शेणाची पाटी होती. पाटी ठेवली, हात धुतले, पदर सारखा केला, मंग गेली. आजही वाटते, हात धुवाले इतका वेळ काऊन लावला मी. त्या खेळात एवढी माणसं पडली, हजार पडली असतीन, कोणाच्या घरी फोन नाई गेला.

वासुदेवनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

२१ मार्च

मोहाची फुलं पडाले लागली. शेताच्या धुऱ्यावरचं आपलं झाड, घरामागं, पहाटे वास आत येते. लहानपणी वासुदेव माझ्या आधी उठून जाये, पोटाशी टोपली धरून.

आज सकाळी आवाज आला, पट्टे ओढल्यासारखा. पाहते तं त्यानं नकली पाय बाहेर काढला, जाळं पुसलं, बांधला. रो.नं त्यावर आपला शाळेचा मोजा चढवला. भिंत धरून मागच्या दारापर्यंत आला. उंबऱ्यावर उभा राह्यला.

मागं सगळा सागाचा पाला पडलेला. ताटाएवढी पानं, एकावर एक, झाडापर्यंत जमीन कुठी दिसत नाई. उभा राह्यला, उभा राह्यला. कपाळावर घाम, मार्चच्या सकाळी. मंग म्हणे, "माय, खाली काय आहे?"

"पाला आहे बाबू."

"पाल्याखाली?"

काय सांगू? माती म्हटलं. तो आत गेला. पाय सोडल्याचा आवाज. मंग खेळाचा.

पाय रुतत नव्हता कधीच. आम्हाले समजलंच नाई. त्या खेळातल्या शिपायाले खाली पाहावं लागत नाई, याले खालीच पाहावं लागते.

२४ मार्च

मोह वेचाच्या आधी झाडाखालचा पाला आपण झाडतोच, झाडून जाळतो, म्हणजे फूल दिसते. दरवर्षीचं काम. यावर्षी मी उंबऱ्यापासून सुरू केलं.

खराट्यानं, दोन माणसं बाजूबाजूनं जातीन एवढी वाट. पाला बाजूले लोटून जाळला. दगड वेचले. उंदराचं बीळ होतं, मातीनं बुजवलं, पायानं दाबलं. शेजारीण कुंपणावरून पाहे, "बाई, वरात येऊन राह्यली का घरामागून?" म्हटलं, हो, तुले बोलावीन.

झाडापर्यंत अजून अर्धी वाट बाकी आहे. रात्री वारा सुटला तं निम्मं पुन्हा झाकलं.

२५ मार्च

झाडलं.

२६ मार्च

झाडलं. आज सुमनही आली, काही न बोलता दुसरा खराटा घेतला. तिची पेटी मात्र अर्धी भरून खाटेखाली आहे, मी पाहिली. रो.चा पेपर चांगला गेला.

२९ मार्च

वाट झाडापर्यंत झाली. सारखी माती, काई लपलेलं नाई.

रो.ले टोपली देऊन मोहाखाली उभं केलं, अन् सांगतलं, आवाज देजो नको. त्याची मर्जी. वासुदेव पाय बांधून उंबऱ्यावर आला. आत कॉम्प्युटर चालूच होता, बंदूक समोर धरून तो बिनपायाचा वाट पाहून राह्यला होता.

वासुदेवनं एक पाऊल बाहेर टाकलं, नकली आधी. माती दाबून पाहिली. दुसरं उचलाले गेला अन् खदानीचा भोंगा झाला.

आवाज मोठा कराले आत जाईन, वाटलं. मी तोंड फिरवून घेतलं. धडाम झालं, ताटं वाजली. पाहिलं तं तसाच होता, एक पाय आत, एक बाहेर, दाराची चौकट दोन्ही हातानं धरून. आत गेला नाई. पुढंही आला नाई. रो. तिकडं टोपली घेऊन उभी. सुमन माझ्या मागं, तिचा श्वास मानेवर लागे.

मंग म्हणे, "माय, उद्या अजून पानं पडतीन."

म्हटलं, उद्या अजून झाडीन.