पन्नास मीटरवरच्या वन्सं

बुधवार, ४ मार्च

एकही नाही! दहा गोळ्या झाडल्या आणि कागदावर एकही भोक नाही. आधी मी दुर्बिणीतून बघितलं, मग कोचना बघायला लावलं. ते म्हणाले, "कागद कोराच आहे. परत वापरता येईल."

दोन वर्षं आतल्या हॉलमध्ये दहा मीटरवर हवेच्या पिस्तुलाने मी मधला ठिपका बऱ्यापैकी गाठत होते. आज पहिल्यांदा इमारतीमागच्या उघड्या रेंजवर, खऱ्या गोळीचं पिस्तूल, पन्नास मीटर. हात तोच, मी तीच. नुसता कागद लांब गेला तर सगळी विद्या पण गेली?

पण हे काहीच नाही. खरी गोष्ट पुढेच आहे. पार टोकाला एक बाई नेम धरून उभ्या होत्या. टोपी, कानांवर ते मोठे कानबंद, एका डोळ्यावर झापड. पाय असे रोवलेले की बघत राहावं. त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं, टोपी काढली — वन्सं!

माझी नणंद! नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात, जेवायला तेवढ्या खाली येतात. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी सकाळी "गुडघ्यांच्या व्यायामाला" जातात. आणि मी पिस्तूल शिकायला लागले तेव्हा ह्याच म्हणाल्या होत्या, "चष्मे विकता विकता आता नेम धरणार का!"

मी जवळ जाऊन विचारलं, "वन्सं, गुडघे कसे आहेत?"

"घरी एक अक्षर बोललीस तर बघ."

पुढ्यात पिस्तूल असलेल्या बाईला मी काय नाही म्हणणार!

गुरुवार, ५ मार्च

जेवताना नवऱ्याने सहज विचारलं, "ताई, गुडघे काय म्हणतात?"

"सुधारताहेत," वन्सं म्हणाल्या. मला असा ठसका लागला! वन्संनी टेबलाखालून लाथ हाणली. गुडघे ठणठणीत आहेत.

बुधवार, ११ मार्च

दोन भोकं. दोन्ही कागदाच्या कोपऱ्यात, पण कागदात!

वन्सं माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कोच काही बोलायच्या आत म्हणाल्या, "हात थरथरायचा थांबेल म्हणून वाट बघतेस तू. तो थांबणार नाही. जिवंत माणसाचा हात आहे."

मग काय करायचं?

"हलतोय तेवढ्या जागेत हलू दे. ट्रिगर मात्र सावकाश मागे आणत राहा. बार कधी उडाला हे तुझं तुलासुद्धा आधी कळता कामा नये. 'आत्ता!' म्हणून दाबलंस की गेली. इथली तिळाएवढी चूक तिथे जाऊन लिंबाएवढी होते."

नंतर बाकावर बसलो होतो तेव्हा विचारलंच, घरी का नाही सांगत? पिस्तूल पुसता पुसता म्हणाल्या, "आपल्या घरात एखाद्या गोष्टीचं कौतुक सुरू झालं की ती सगळ्यांची होते. शिवण शिकले तर घरादाराचे पडदे माझ्या गळ्यात. गाणं शिकले तर प्रत्येक पाहुण्यापुढे गा. हे तेवढं माझं आहे."

लग्न झाल्यापासून ह्या बाईंनी माझ्याशी कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडे काही बोलणं केलं नव्हतं. आणि आज हे! मी नुसती शेजारी बसून राहिले. बरं वाटलं.

बुधवार, १८ मार्च

आज पाय!

"डोळे मीट. हात उचल. आता उघड. कुठे आलाय?" कागदाच्या चांगला डावीकडे आला होता. मी हात उजवीकडे ओढायला गेले तर पाठीत चापट. "हाताला ओढू नकोस, तो परत आपल्या जागी जाणार. मागचा पाय सरकव." सरकवला. पुन्हा डोळे मिटून हात उचलला, उघडून बघते तर समोर काळा गोल!

आठ गोळ्या कागदावर! कोचनी दोन्ही हात जोडले. मला नाही, वन्संना.

बुधवार, २५ मार्च

पाण्यात गेलं सगळं. पुढे सरकायच्या ऐवजी मागे.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. ती मागच्या खाचेत नीट मधोमध दिसली पाहिजे. वन्सं कानीकपाळी ओरडताहेत — "माशी बघ! कागद नको बघू. कागद पुसट दिसला तरच तुझं बरोबर चाललंय."

पण मला उलटंच होतं. कागद लख्ख, आणि माशी म्हणजे कापसाचा बोळा. कितीही डोळे ताणले तरी बोळाच.

"वय काय गं तुझं?" वन्संनी विचारलं.

"माझे डोळे उत्तम आहेत!"

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर परवडलं असतं.

गुरुवार, २६ मार्च

दिव्याखाली अंधार!

चष्म्याच्या दुकानात माझ्याच वयाचे एक गृहस्थ आले. वर्तमानपत्र हात लांब करकरून वाचत होते. मी नेहमीचं गोड वाक्य टाकलं — "अहो, चाळिशी कुणाला चुकलीय? त्यात लाजायचं काय!" ते गेले, आणि मी दाराची पाटी उलटी करून स्वतःच त्या खुर्चीत बसले. हातभर अंतरावरची अक्षरं लावली, एकेक काच घालून बघितली. मला लागलीय! चाळिशी! गावभर डोळे तपासत फिरणाऱ्या मला!

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सोनाराने कान टोचलेले बरे. इथे सोनारणीने स्वतःचेच टोचले!" आणि हसत बसला मेला.

बुधवार, १ एप्रिल

नवी काच! फक्त नेम धरायच्या डोळ्यासाठी, माशीच्या अंतराला बरोबर बसेल अशी. हात उचलला — आहाहा! माशी अशी स्पष्ट की तिची कड बोटाला लागेल. पलीकडे काळा गोल म्हणजे नुसता एक मऊ डाग. बघितलंच नाही त्याच्याकडे.

गोळ्या सगळ्या काळ्यात! मुठीत मावतील इतक्या जवळजवळ! मी किंचाळलेच. रेंजवर किंचाळायचं नसतं, बोलणी खाल्ली.

वन्संनी दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हं."

वन्संचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचा सत्कारसमारंभ.

मंगळवार, १४ एप्रिल

मे महिन्यात शेजारच्या क्लबशी सामना आहे. पन्नास मीटरसाठी तिघांचा संघ. दोन जागा ठरल्यात. तिसरीसाठी कोचचा फोन आला — "तुम्ही किंवा तुमच्या नणंदबाई. उद्या दोघींनी झाडा, जिचे गुण जास्त तिची जागा."

वन्सं इतकी वर्षं थांबल्यात ह्या जागेसाठी! कोचच म्हणाले, दरवेळी राखीव, दरवेळी बाकावर. आणि मी कालची पोरगी.

दोन गोळ्या जरा भरकटल्या तर कुणाला कळणार आहे?

बुधवार, १५ एप्रिल

कळलं! झाडायच्या आधीच कळलं! पाणी प्यायला गेले तर तिथे वन्संनी दंड धरला. "मुद्दाम चुकवलीस तर जन्मात तुझ्या हातचा चहा पिणार नाही."

"छे, तसं काही —"

"खोटं बोलू नकोस. तुझा चेहरा मला माशीपेक्षा स्वच्छ दिसतो."

मग काय! पाय लावले, डोळे मिटले, उघडले, माशी बघितली, आणि जे येतं ते सगळं ओतलं. शेजारी वन्संचे बार उडत होते, ठाय लयीत. मी तिकडे बघितलं नाही.

दोन गुणांनी मी पुढे! कोचनी परत परत मोजलं. मला रडू येणार तेवढ्यात वन्संनी सगळ्यांदेखत कडकडून मिठी मारली. वीस वर्षांतली पहिली! आणि कोचना म्हणाल्या, "शिष्या माझी आहे, विसरू नका."

येताना रस्त्यात उभ्या उभ्या आइस्क्रीम खाल्लं. दोघी वेड्यासारख्या हसत होतो. लोक बघत होते. बघू देत!

शनिवार, १८ एप्रिल

वन्संनी घरी सांगून टाकलं! जेवताना, वाढता वाढता, नवऱ्याला — "तुझी बायको संघात आहे. मी शिकवलंय तिला."

नवऱ्याचा घास हातातच. "ताई, तू? मग गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

लेक हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. नवरा लगेच सुरू — "ताई, आमच्या ऑफिसातल्या मंडळींना एकदा तुझा नेम —"

"नाही."

"बरं."

नंतर भांडी आवरताना मी विचारलं, का सांगितलंत? "एकटीचं होतं तोवर लपवलं. आता दोघींचं झालंय."

बुधवार, २२ एप्रिल

वन्सं आल्या नाहीत. कंटाळा आला, म्हणाल्या. त्यांना आणि कंटाळा!

रविवार, ३ मे

जिंकलो! जिंकलो!! जिंकलो!!!

जेमतेम जिंकलो, पण जिंकलो. शेवटच्या फेरीत वारा सुटला, कागद फडफडायला लागला, समोरच्या संघातला माणूस माझ्याकडे बघून हसत होता. एकदा हात उचलला आणि न झाडताच खाली आणला. पुन्हा उचलला. माशी. फक्त माशी. बार उडाला तेव्हा मीच दचकले — म्हणजे बरोबर गेली! मधोमध!

नवऱ्याने इतक्या जोरात शिट्टी मारली की त्याला बाहेर काढलं. लेक नाचत होती. वन्सं मागच्या रांगेत ताठ बसल्या होत्या, नवी साडी नेसून. टाळ्या वाजवून हात लाल झाले त्यांचे.

सगळं छान. फक्त निघताना वन्संना कोचशी बोलताना ऐकलं — "माझी राखीव जागा आता दुसऱ्या कुणाला द्या. मी नाही येणार." का? विचारलं तर म्हणाल्या, "आज जिंकलीस ना? मग जिंकल्यासारखी चाल."

सोमवार, ४ मे

दुकान उघडायला गेले तर पायरीवर वन्सं. "उघड. तपास माझे डोळे. आणि घरी सांगू नकोस... बरं, सांग."

नेम धरायच्या डोळ्यात मोतीबिंदू. चांगलाच वाढलेला! आणि त्यांना वर्षभर माहीत होतं! "जन्मभर दुसऱ्यांची ऑपरेशनं बघितली गं, म्हणूनच स्वतःची भीती वाटते." म्हणजे ही बाई वर्षभर धुक्यातून नेम धरत होती — आणि मी जिंकले किती, तर दोन गुणांनी!

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. शुक्रवारी ऑपरेशन. डोळा नव्यासारखा होईल, म्हणाले. येताना वन्संनी विचारलं, "आत जाईपर्यंत हात धरशील ना?" धरेन, म्हटलं. आत्तापासूनच धरला.

आता संघातल्या माझ्या जागेचं काही खरं नाही!